विमानाला लागणारा वेळ

ती घटना आठवली की आजही मी बसल्या जागेवरून उठतो आणि अंगणात फेऱ्या मारू लागतो. घरच्यांना आता त्याची सवय झाली आहे. ‘परत दुबई आठवली वाटतं,’ असं माझी पत्नी म्हणते. मी नोकरीतून वेळेआधीच बाहेर पडलो, त्याला कारणं बरीच होती. पण मन बसू देत नाही असं प्रकरण हे एकच.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. बीदर जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या एका ठाण्यात मी पीएसआय होतो. ठाण्याचा सगळा कारभार कानडीत, फिर्यादी बोलणार मराठीत आणि माझा हेड कॉन्स्टेबल दोन्ही सोडून दखनी उर्दूत. जबाब घेताना एकच वाक्य तीन भाषांतून फिरून कागदावर उतरायचं. त्यात थोडंफार सांडायचंच. हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षातच शिकलो होतो, तरी या प्रकरणात विसरलो.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी हुलसूरच्या बाजूच्या एका गावातून वर्दी आली. एक म्हातारा शेतकरी आपल्याच विहिरीत मरून पडला होता. घर पूर्वी मेंढरं राखणारं, आता थोडी शेती करणारं. मी जाऊन पंचनामा केला. मयताच्या डोक्याला मागच्या बाजूनं खोल जखम होती. पाय घसरून पडला असेल तर जखम मागे कशी, एवढंच मनात आलं. अकस्मात मृत्यूची नोंद करून प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं आणि संध्याकाळी घरच्यांच्या ताब्यात दिलं. म्हाताऱ्याला दोन मुलगे. थोरला शेती बघायचा. धाकटा दुबईत होता. त्याला तार केली आहे, पण त्याची वाट बघत थांबता येणार नाही, असं थोरला रडत रडत सांगत होता. तरी गावकऱ्यांनी सकाळपर्यंत थांबायचं ठरवलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, तिरडी बांधायच्या वेळेला, धाकटा दारात हजर झाला.

हे मला कळलं ते खबर म्हणून नव्हे, कौतुक म्हणून. दोन दिवसांनी बसस्टँडजवळच्या हॉटेलात चहा घेत होतो. त्या गावचे तिघं-चौघं बाकावर बसले होते.

“इमान म्हणजे इमानच बाबा,” एक म्हणाला. “सकाळी तार केलाव, दुसऱ्या सकाळी पोरगं दारात. दुबईहून!”

“कामून न्हाई येणार? बीदरची इमानं बघतूस न्हवं. आता हितं, आता तितं. मान वळवूस्तवर गायब.”

बीदरला हवाई दलाच्या प्रशिक्षणाची विमानं सतत घिरट्या घालायची. आमच्या भागातल्या लोकांनी विमान पाहिलं होतं ते एवढंच. आकाशाच्या या टोकाला दिसलं की मान वर करायची आणि ती खाली होईपर्यंत ते दुसऱ्या टोकाला. दुबई किती लांब, याचा विचार त्यांना करावासा वाटला नाही. विमान आहे म्हटल्यावर अंतर कसलं?

मला मात्र तो विचार करावासा वाटला, कारण माझा मेहुणा दुबईला होता. सुटीवर आला की तो पहिला दिवस प्रवासाचं रडगाणं गायचा. मालकानं पासपोर्ट कसा अडवून ठेवला, तिकिटासाठी किती खेटे घातले, मुंबईत उतरल्यावर कस्टमवाल्यांनी कसं ताटकळत ठेवलं. विमानात बसतो तीन तास, पण घरी पोहोचायला चार दिवस लागतात, हे त्याचं ठरलेलं वाक्य. मग एका रात्रीत हा पोरगा आला कसा?

चहा अर्धा टाकून मी उठलो. हेड कॉन्स्टेबलला सांगितलं. तो मिशीवर हात फिरवत म्हणाला, “साब, कुछ तो बी गडबड हय.”

माझीही खात्री पटली. तार मिळायच्या आधीच तो निघाला होता किंवा मुळात इथेच होता. म्हणजे बापाच्या मरणाची त्याला आधीच कल्पना होती.

त्याच दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो. अंगणात घोंगड्या टाकल्या होत्या, भेटायला आलेली माणसं बसली होती. त्याला बाजूला बोलावून विचारता आलं असतं. मी तसं केलं नाही. चार माणसांत सुगावा काढून दाखवायची हौस मला तेव्हा होती.

धाकटा तिशीच्या आतला, स्वच्छ कपड्यांतला, मनगटावर घड्याळ घातलेला. मी सहज बोलतो आहे असं दाखवत दुबईची चौकशी केली. तो मोकळेपणानं बोलला. विमानातल्या खुर्च्या कशा मागे झुकतात, पट्टा कसा लावतात, खिडकीची झडप कशी खाली ओढतात, समोरच्या पाठीतून जेवायची फळी कशी उघडते, सगळं बारीकसारीक सांगितलं. त्याची पाचेक वर्षांची मुलगी आतून पळत आली आणि मला एक पांढरा प्लास्टिकचा चमचा दाखवून गेली. “इमानातला हाय,” ती म्हणाली. परक्या अक्षरांच्या साखरेच्या पुड्याही होत्या. हे सगळं त्यानं मागे कुणाच्या तरी हाती पाठवलेलं, घरानं पुड्या देवळीत जपून ठेवल्या होत्या. माझा संशय क्षणभर डळमळला. हा माणूस विमानात बसलेला आहे, यात शंका नव्हती.

“किती वेळ लागतो रे दुबईहून मुंबईला?” मी विचारलं.

“दीड तास, साहेब.”

“बगा!” थोरला भाऊ अभिमानानं म्हणाला. “हुलसूरहून बीदरला बस जेवडा येळ लावती, त्याच्या आतच की.”

“मग मुंबईत उतरल्यावर घड्याळ किती पुढं केलंस?”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मनगटाकडे बघितलं.

“पुढं कशाला करायचं साहेब? बरोबर चालायलंय की.”

मला हेच हवं होतं. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं. मुंबईहून जाताना वेळापत्रकात दीडच तासाचा फरक दिसतो आणि येताना साडेचार तासांचा. खरे लागतात तीन. जाण्याचं वेळापत्रक वाचणारा दीड तास म्हणेल. त्या खुर्चीत बसून कंटाळलेला माणूस कधीच म्हणणार नाही. मी हे सगळ्यांसमोर मोठ्यानं समजावून सांगितलं. मी म्हणालो, “तू दुबईहून आलेला नाहीस. मग कुठून आलास?”

माणसं एकमेकांकडे बघू लागली. त्याची आई भिंतीला टेकून बसली होती, तिनं मान वर केली. मी त्याला ठाण्यावर घेऊन आलो.

दिवसभर आम्ही त्याला विचारत राहिलो. मारहाण केली नाही, हे खरं आहे. पण न मारताही माणसाला कोपऱ्यात नेता येतं. आधीच गावात आलास, बापाशी वाद घातलास, विहिरीवर गाठलंस, असं मी त्याला पुन्हा पुन्हा ऐकवत होतो. तो कुठे होता एवढंच सांगत नव्हता.

शेवटी त्यानं विचारलं, “साहेब, मी कुटं हुतो ते न्हाई सांगितलो तर काय व्हईल?”

“खुनाचा गुन्हा लागेल. दुसरं काय?”

तो म्हणाला, “मग तसंच लिवा.”

“तसंच म्हणजे?”

“मीच ढकललो अप्पाला.”

हेड कॉन्स्टेबलनं सुस्कारा सोडला. मी कागद पुढे ओढला. “कसं ढकललंस? नीट सांग.”

“तुमी सांगा की, साहेब,” तो म्हणाला. “अप्पा कुठल्या बाजूनं पडले हुते?”

हे वाक्य मी ऐकलं होतं. ज्यानं ढकललं तो पोलिसाला बाजू विचारत नाही, हे कळायला अकलेची गरज नव्हती. पण कबुली समोर आली की कान ऐकतात आणि हात लिहीत राहतात. तो वेळकाढूपणा करतो आहे, असं मी मनाला समजावलं. पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, हेही ठाऊक होतं. पुढे पुरावा गोळा करू म्हटलं, खुनाचा गुन्हा नोंदवला आणि कोर्टातून त्याची पोलीस कोठडी घेतली.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. फडक्यात भाकरी बांधून आणली होती. तिनं रडारड केली नाही. टेबलासमोर उभी राहून सरळ विचारलं, “साहेब, माझ्या लेकानं केलं का?”

“त्यानं कबुली दिली आहे, आई,” मी म्हणालो.

तिनं गाठोडं बाकावर ठेवलं. मग ते पुन्हा उचललं आणि निघून गेली.

त्यानंतर मला एका जागी बसवेना. ठाण्यातून बाहेर, बाहेरून आत. कुणी बोललं तर अर्धंच ऐकायचो. मी परत विहिरीवर गेलो आणि थोरल्याला पाणी उपसायला लावलं. इंजिन दिवसभर चाललं. तळ दिसू लागला तसा गाळात पायरीचा एक सुटलेला दगड दिसला आणि त्याखाली म्हाताऱ्याचं एक पायताण अडकलेलं. वर बघितलं तर पायऱ्यांत तेवढीच एक जागा रिकामी. पायाखालचा दगड निसटला, म्हातारा पाठीवर आपटला आणि डोकं वरच्या पायरीवर आदळलं. म्हणून जखम मागे होती. हा दगड मी पहिल्याच दिवशी शोधायला हवा होता. मी माणसाच्या प्रवासाचा हिशोब करत बसलो होतो.

एवढ्यानं खून झाला नाही असं वाटत होतं, पण कबुली कागदावर होती. तो कुठे होता हे ठरल्याशिवाय वरिष्ठ ऐकणार नव्हते. तार कुठे केली, हे थोरल्याला विचारलं. ती मुंबईच्या एका खोलीच्या पत्त्यावर केली होती. “तितली पोरं दुबईला निरोप देत्यात,” तो म्हणाला. वरून परवानगी घेऊन मी मुंबईला गेलो.

विमानतळाच्या कुंपणालगतच्या वस्तीत ती खोली होती. भालकी, उदगीर, बसवकल्याणकडची दहाबारा पोरं तिथे राहायची. डोक्यावरून विमान गेलं की बोलणं थांबवायचं आणि मग पुढचं वाक्य, अशी तिथली रीत. मी पोलीस आहे म्हटल्यावर सगळे उभे राहिले. धाकट्याचं नाव घेऊन विचारलं, तो दुबईला कधी गेला?

एक लुकडा पोरगा हसला. “दुबईला? आवो साहेब, ह्या खोलीत सगळेच दुबईला ऱ्हायत्यात. ह्यो शारजाला हाय, त्यो कोपऱ्यातला मस्कतला. मी एकटाच मुंबईत हाय, कामून तर माझ्या बायकोला खरं म्हाईत हाय.”

“गप ए,” मस्कतवाला म्हणाला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एजंट पासपोर्ट घेऊन पळाला. गावानं हलगी वाजवून, हार घालून वाटेला लावलेलं. परत कोणत्या तोंडानं जायचं? धाकट्याला विमानं झाडायचं काम मिळालं. प्रवासी उतरले की पोती घेऊन आत शिरायचं, खुर्च्यांमधला कचरा काढायचा, पट्टे सरळ करून ठेवायचे, झडपा वर करायच्या. रोज तो दुबईहून आलेल्या विमानात चढत होता आणि पुढचे प्रवासी येण्याआधी उतरत होता. विमानाबद्दल त्यानं मला सांगितलेलं सगळं खरं होतं. ते उडत असताना तो आत नसायचा, एवढंच.

म्हातारा पडला त्या सकाळी तो कामावर होता. मुकादमानंही तसं सांगितलं. दुपारी तार आली आणि या पोरांनीच त्याला सोलापूरकडच्या गाडीत बसवलं. “आम्ही म्हणलाव, दोन दिवस थांबून जा, न्हाईतर शंका येईल,” लुकडा आता हसत नव्हता. “तर म्हणला, अप्पाचं तोंड बघायचंय.”

परत आल्यावर त्याला कोठडीतून माझ्या खोलीत आणलं. मी म्हणालो, “मुंबईला जाऊन आलो.”

त्याचा चेहरा कबुली देताना पडला नव्हता तेवढा आता पडला.

“गावात सांगितलाव का?”

“अजून नाही. पण कोर्टात सांगावं लागेल. नाहीतर तू सुटणार कसा?”

“नका सांगू, साहेब. मी खालमानेनं जेलात जातो.”

“अरे, तुझी आई तुला बापाचा खुनी समजते आहे!”

“आई घरात समजल. दुबईचं खोटं सगळ्या गावाला कळंल.” तो हात जोडून बसला. “पोरीचा तो चमचा, साहेब. शाळेत घिऊन जाती ती.”

मी त्याचं ऐकणं शक्य नव्हतं. अहवाल गेला, वरिष्ठांनी मान्य केला, कोर्टानं सुटकेचा हुकूम दिला. त्या दिवशी त्याची आई आणि बायको दोघी ठाण्यावर आल्या. बाहेरून कळण्याआधी मीच सांगितलेलं बरं, असं वाटलं. दोघींना बसवलं, तो भिंतीशी उभा होता. तो कुठे होता, काय काम करत होता आणि आमच्याकडे कबुली का दिली, हे मी सगळं सांगितलं. त्यानं एकदाही वर बघितलं नाही.

बायको पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत ऐकत होती. मी थांबल्यावर तिनं विचारलं, “साहेब, मुंबई किती लांब हाय?”

“संध्याकाळी गाडीत बसलं की सकाळी पोहोचता येतं.”

ती उठून नवऱ्यासमोर उभी राहिली. आता ही रडणार किंवा तोंड फिरवणार, असं मला वाटलं.

“एका रातीची वाट,” ती म्हणाली, “आन् चार वर्सं लावलास व्हय रे?”

तो भिंतीला आणखी चिकटला.

“दुबईला बायका नेता येत न्हाईत म्हणून मी गप बसले. पोरगी इमान दिसलं की हात हालवती, बाबा चालला म्हणून. मुंबईला बायका चालत न्हाईत का? खोलीत जागा न्हाई? मी खुर्च्या झाडायला शिकंन की! मला काय झाडता येत न्हाई?”

हेड कॉन्स्टेबलनं खोकल्याचं निमित्त करून तोंड वळवलं. धाकटा पहिल्यांदा रडला. बापाच्या मरणानंतर त्याला कुणी रडू दिलं नव्हतं, त्यात मीही होतो.

म्हातारी मात्र माझ्याकडे बघत होती.

“साहेब, त्या दिवशी तुमी व्हय म्हणलाव.”

“‘कबुली दिली आहे’ एवढंच मी म्हणालो होतो, आई.”

“मला कबुली कळत न्हाई. मी इचारले, लेकानं केलं का. तुमी न्हाई म्हणला न्हाईत.”

तिनं फडकं सोडलं. आज पुन्हा भाकरी आणली होती. लेकाच्या हातात ठेवून म्हणाली, “खा. घरला चल, न्हाईतर मुंबईला जा. खाऊन जा.” ती त्याच्या तोंडावरून हात फिरवायला गेली आणि मध्येच थांबली. इतके दिवस लेकाला खुनी समजलेला तो हात होता. मग फिरवला. ते थांबणं मी पाहिलं.

धाकटा गावात गेला नाही. आठवड्याभरात बायको मुलीला घेऊन त्याच्याकडे गेली, असं थोरल्याकडून कळलं. गावात त्याला ‘दुबई’ असं चिडवण्याचं नाव पडलं ते पडलंच. पुढे माझी बदली गुलबर्ग्याला झाली.

या प्रकरणानं मला तपासाच्या पद्धती शिकवल्या, असं म्हणता येईल. आधी जागा पाहावी, मग माणूस. कबुली मिळाली की शंका वाढवावी, कमी करू नये. नव्या शिपायांना मी हे सांगतही असे. पण खरी शिकवण वेगळी आहे. माणूस खोटं बोलतो हे ओळखणं फार अवघड नसतं. तो कशासाठी खोटं बोलतो हे न ओळखता ते चारचौघांत उघडं पाडलं, की आपण त्याची खरं सांगायची वाटही बंद करतो. धाकट्याला मी अंगणातून बाजूला नेऊन विचारलं असतं, तर कदाचित त्यानं तिथेच सांगितलं असतं. आईचा हात मग मध्ये थांबला नसता.

निवृत्तीच्या थोडं आधी एका कामासाठी मी पहिल्यांदा विमानानं दिल्लीला गेलो. मुंबईहून बसलो होतो. विमान उतरलं, माणसं घाईनं उठली, वरचं सामान काढून निघून गेली. मी तसाच बसून राहिलो. मागच्या दारातून पोती घेतलेली पोरं आत शिरली आणि रांगेरांगेनं पुढे सरकू लागली. खुर्च्यांमधून कागद काढत, पट्टे सरळ करत, झडपा वर ढकलत. एक पोरगा माझ्यापाशी येऊन थांबला.

“कुछ रह गया क्या, साब?” त्यानं विचारलं.

मी नाही म्हणालो आणि त्याला माझी खुर्ची झाडता यावी म्हणून उठलो.